सिनेमालाही तुकडेबंदी हवी

शेतजमिनीचे वाटेल तसे तुकडे पाडू नयेत म्हणून आपल्याकडे १९४७ पासून तुकडेबंदीचा कायदा आहे. भावाभावांत वाटण्या होत होत शेवटी एवढीशी पट्टी उरते, की तिच्यात औत धड वळत नाही आणि पिकेल ते कुणाच्याच पोटाला पुरत नाही. तसं होऊ नये हा त्यामागचा विचार. कायदा किती पाळला गेला ते महसूल खात्यातल्या मंडळींनी सांगावं. पण विचार मला पटतो, आणि तो आता सिनेमाला लावायची वेळ आली आहे असं माझं ठाम मत झालं आहे.

कारण हल्ली सिनेमा कुणी बघतच नाही. प्रसंग बघतात. तोही अर्ध्या मिनिटाचा, आडवा सिनेमा उभा कापलेला, खाली कुणाच्या तरी चॅनेलचं नाव आणि मध्येच एक हसणारा पिवळा चेहरा. तेवढं बघून माणसं म्हणतात, "हा माझा ऑलटाइम फेव्हरिट पिक्चर!" मी आपली विचारते, की बाबा, पूर्ण कधी पाहिलास? तर उत्तर मिळतं, "पूर्ण नाही पाहिला, पण सगळे सीन पाहिलेत." आता यावर काय बोलावं? ज्ञानेश्वरी वाचली नाही पण सगळ्या ओव्या वाचल्यात, असं म्हणण्यासारखं आहे हे.

'अशी ही बनवाबनवी' घ्या. १९८८ चा सिनेमा. आमच्या घरातल्या लग्नाळू मुलांपासून दुसरीतल्या नातवापर्यंत सगळ्यांना त्यातले संवाद तोंडपाठ आहेत. मधुमेहाच्या औषधाच्या सत्तर रुपयांचं पुढे काय झालं, हे आमच्या घरात रोज कुणी ना कुणी कुणाला तरी ऐकवत असतं. मीही हसते. अशोक सराफांचा तो निर्ढावलेला चेहरा आणि समोर सुधीर जोशींचा हताश सरपोतदार, याला हसू येणार नाही असा मराठी माणूस अजून जन्मायचा आहे. पण परवा मी त्या नातवंडांना सहज विचारलं, "काय रे, पण त्या दोघांना बायकांचे वेष का घ्यावे लागले?" तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. एक म्हणाला, "कॉमेडी म्हणून."

कॉमेडी म्हणून नाही रे राजांनो. घर मिळत नव्हतं म्हणून!

तो सगळा सिनेमा पुण्यात भाड्याची खोली न मिळण्यावर उभा आहे. सरपोतदार घरमालक, माने भाडेकरू. त्या खोलीत माने चोरून भाऊ आणि मित्र ठेवतो आणि खोली जाते. लीलाबाई काळभोरांकडे जागा आहे, पण ती जोडप्यांनाच मिळणार. म्हणून मग सुधीरची सुधा होते आणि परशाची पार्वती. हा सिनेमा ज्याच्यावर बेतला, त्या हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या हिंदी सिनेमाचं नावच मुळी 'बीवी और मकान' आहे. मकान नावातच आहे बघा. वसंत सबनिसांनी लिहिलेले ते संवाद नुसते विनोदी नाहीत, ते डोक्यावरचं छप्पर टिकवण्यासाठी मारलेल्या थापा आहेत. मी स्वतः पुण्यात वाड्यातल्या दोन खोल्यांत भाड्याने राहिलेली बाई आहे. पाहुणा दोन दिवसांच्या वर राहिला की मालकीणबाई नळावर, "अजून आहेत का हो?" असं कसं विचारायच्या ते मला माहीत आहे. म्हणून मला त्या सत्तर रुपयांना हसताना पोटात थोडं कालवतंही. ते कालवणं कापून टाकलं की उरतं ते नुसतं खिदळणं.

बरं, तुम्ही म्हणाल, खिदळले तर खिदळले, बिघडलं काय? इथवर खरंच फारसं बिघडलेलं नाही. माझं भांडण इथून पुढे सुरू होतं. तुकडा कापला की प्रसंग लहान होतो एवढंच असतं, तर मी हा लेख लिहिलाच नसता. तुकडा कापला की पुष्कळदा प्रसंग उलटा होतो. आणि गंमत म्हणजे तो नेमका कापणाऱ्याच्या सोयीचा होऊन उलटतो.

'सिंहासन'चा शेवट आठवा. १९७९ साल, जब्बार पटेलांचा सिनेमा, अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवरचा. निळू फुले त्यात पत्रकार दिगू टिपणीस झाले आहेत. (खलनायक म्हणून ज्यांना जन्मभर बायकांनी शिव्या घातल्या त्या माणसाने इतकं संयमित काम केलं आहे की बघत राहावं.) सगळा सिनेमाभर दिगू बघतो, टिपतो, चालत राहतो. मंत्री फुटतात, जुळतात, पुन्हा फुटतात, आणि एवढं सगळं होऊन शेवटी खुर्च्यांपाशी जिथल्या तिथे येतात. मग दिगू हसायला लागतो. ते हसणं थांबतच नाही. बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, कारण एका शहाण्या माणसाचा तोल आपल्या डोळ्यांसमोर सुटत असतो.

आता हा प्रसंग आपल्याकडे कधी येतो? २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये तो पहाटेचा शपथविधी झाला, त्या दिवशी माझ्या फोनवर दिगू टिपणीस चार जणांकडून आला. २०२२ च्या जूनमध्ये आमदार सुरतमार्गे गुवाहाटीला गेले तेव्हा सहा जणांकडून. सोबत काय, तर हसून डोळ्यांत पाणी आलेले पिवळे चेहरे. म्हणजे राजकारण ही आपली करमणूक आहे, ते तिकडे फुटतात आणि आपण इकडे दिगूला घेऊन हसतो. अहो, तो आपल्याबरोबर हसत नाहीये! त्याला असह्य झालं आहे म्हणून तो हसतोय. आणि त्याचं असह्य होणं आपण आपल्या सह्य होण्यासाठी वापरतोय. दोन तास त्याच्याबरोबर मंत्रालयाच्या पायऱ्या चढलेला माणूस हे करूच शकणार नाही.

आता जरा जपून लिहायला हवं, कारण पुढचा परिच्छेद घरातलेच लोक वाचणार आहेत. पण नाही लिहिलं तर मग कशाला ही लेखणी हातात धरायची.

'झिंगाट'. हळदीला झिंगाट, वरातीला झिंगाट, संगीत नावाचं जे नवीन खूळ निघालं आहे त्यात तर झिंगाटच झिंगाट. अजय-अतुलचं संगीत जबरदस्त आहे याबद्दल वाद नाही. २०१६ मध्ये थिएटरात लोक खुर्च्या सोडून नाचले होते. माझेही पाय हलतात, संधिवाताला न जुमानता हलतात. पण ते गाणं सिनेमात कुठे आहे? आर्चीच्या भावाच्या, प्रिन्सच्या वाढदिवसाला आहे. परशा आणि त्याचे मित्र त्या वाढदिवसाला बेभान नाचतात. आणि शेवटी हैदराबादच्या त्या छोट्या घरी माहेरच्या भेटवस्तू घेऊन कोण येतो? तोच प्रिन्स, चार माणसं बरोबर घेऊन. आर्ची त्यांना चहा देते. पुढे काय होतं ते पाहिलेल्यांना सांगायला नको. शेजारीण लहानग्या बाळाला घरी आणून सोडते, ते आत जातं, आणि रडत बाहेर येतं तेव्हा त्याच्या इवल्या पावलांचे लाल ठसे उमटत जातात. सिनेमाचा आवाज तेव्हा पूर्ण बंद असतो. ज्याच्या वाढदिवसाला नाचले त्याच्याच हातून मेले. नागराज मंजुळेने ते गाणं तिथे का ठेवलं असेल, याचा विचार एकदा तरी करा.

आणि आपण ते कुठे वाजवतो? जाहिरातीत जात आणि पोटजात छापून, पत्रिका जुळवून, मध्यस्थाकरवी 'आपल्यातलेच' आहेत ना याची तीनतीनदा खात्री करून ठरवलेल्या लग्नात! गेल्या दहा वर्षांत मी अशा किती मांडवांत बसले असेन. नाचणाऱ्यांतल्याच एका काकांनी आपल्या पुतणीचं 'बाहेरचं' स्थळ कसं हाणून पाडलं ते सगळ्या गोतावळ्याला ठाऊक आहे. ते त्या दिवशी पुढच्या रांगेत, रुमाल उडवत नाचत होते. मला सांगा, पूर्ण 'सैराट' मनात जिवंत असताना हे शक्य आहे का? ते शक्य होतं, कारण गाणं कापून वेगळं काढलं आहे. मुळं पलीकडे राहिली, फूल आपल्या डोक्यात.

यावर एक जण नक्की म्हणणार, "मग रेडिओवर गाणी ऐकायचो तीसुद्धा तुकडेच की!" कबूल. रेडिओवर आपण सिनेमा न बघताच हजारो गाणी ऐकली, त्यांच्यावर जीव टाकला. पण रेडिओवर गाणं ऐकून 'मी सिनेमा पाहिला' असं आपण म्हणत नव्हतो. उलट, गाणं ऐकून थिएटरात जायची ओढ लागायची. आणि झिंगाट वाजवू नका असं मी म्हणतच नाही. खुशाल वाजवा. वाजवताना तो प्रिन्स डोळ्यांसमोर येऊ द्या, एवढंच. मग पुढच्या 'बाहेरच्या' स्थळाच्या वेळी काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा.

आता ज्यामुळे हा सगळा संताप झाला ते सांगते. गेल्या वर्षी पंधरा ऑगस्टला सकाळी आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर एक क्लिप आली. 'फँड्री'तली. तोही मंजुळेचाच, २०१४ साली थिएटरात आलेला. कैकाडी बोलीत फँड्री म्हणजे डुक्कर. क्लिपमध्ये काय, तर डुकरामागे धावणारं एक कुटुंब, शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात, मुलगा जागच्या जागी सावधान उभा राहतो, मग बाकीचेही जिथल्या तिथे थबकतात, आणि हाताशी आलेलं डुक्कर निसटतं. खाली तीन तिरंगे आणि मजकूर असा, की गरिबाला जे कळतं ते शिकलेल्यांना कळत नाही, अभिमान वाटला तर पुढे पाठवा. पाठोपाठ अठरा-वीस जणांचे नमस्कार आणि सलाम.

मी फोन बाजूला ठेवला आणि पोळ्या लाटायला घेतल्या. तीन पोळ्या बिघडल्या.

मंडळी, तो प्रसंग देशभक्तीचा धडा म्हणून दाखवायचा असता तर मंजुळेला एवढा सिनेमा काढायची गरजच नव्हती. कोण आहे तो मुलगा? जब्या. त्याला शाळेत जायचं आहे. वर्गातली शालू त्याला आवडते. काळी चिमणी मिळाली तर तिची राख टाकून शालू आपली होईल अशा वेड्या आशेवर तो रानोमाळ हिंडतो. बाप कचरू, म्हणजे किशोर कदम. मुलीच्या लग्नाला पैसा हवा म्हणून मोलमजुरी करणारा, आणि गावात उच्छाद मांडलेली डुकरं पकडायचं काम अंगावर घेणारा, कारण ते काम गावाने त्यांच्याच जातीला लावून दिलेलं आहे. ती डुकरं पकडायची कुठे, तर शाळेजवळ. बघायला कोण, तर जब्याच्याच वर्गातली मुलं. ती हसतायत, ओरडतायत, कुणी मोबाइलवर टिपतोय. शालूही बघतेय. जब्या तोंड लपवायला जागा शोधतोय आणि बाप त्याला हाका मारतोय, धाव म्हणून.

अशा वेळी राष्ट्रगीत सुरू होतं.

मी चौतीस वर्षं शाळेत राष्ट्रगीताला उभी राहिले आहे. समोर रांगा, मध्ये ध्वजाचा खांब, भोवती कंपाऊंडची भिंत. गीत सुरू झालं की भिंतीच्या आतले सगळे एक होतात असं आम्ही मुलांना शिकवलं, आणि ते मनापासून शिकवलं. पण भिंतीबाहेर त्या वेळी कोण उभं आहे याकडे आमच्यापैकी किती जणांनी कधी मान वळवून पाहिलं? मंजुळेने कॅमेरा भिंतीबाहेर ठेवला आहे. आतली मुलं, जी क्षणापूर्वी हसत होती, ती सावधान. बाहेरचं ते कुटुंब, ज्यांना हसत होती, तेही सावधान. ते बावन्न सेकंद सगळे बरोबरीचे. गीत संपतं, आणि पुन्हा ते हसणारे आणि हे धावणारे. शिवाय जे डुक्कर हातात आलं होतं ते गेलं, म्हणजे ती सगळी धावपळ, ती सगळी शोभा पुन्हा पहिल्यापासून. बरोबरीचा मान ठेवल्याची किंमत कुणी दिली? ज्याला ती बरोबरी कधी मिळालीच नाही त्याने. शाळेत शिकवलेलं जब्याने तंतोतंत पाळलं. शाळेने त्याला काय दिलं, हा प्रश्न त्या प्रसंगात आहे. तो आम्हा शिक्षकांना आहे, ग्रुपवर सलाम ठोकणाऱ्या सगळ्यांना आहे. आणि थोड्याच वेळात ते पकडलेलं डुक्कर खांद्यावर टांगून ते लोक शाळेच्या भिंतीवरून जातात, तेव्हा त्या भिंतीवर फुले, सावित्रीबाई, बाबासाहेब, गाडगेबाबा यांची चित्रं आहेत. तीही त्या क्लिपमध्ये नव्हती. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट आपल्या तोंडावर येतो. तोही नव्हता.

म्हणजे काय झालं बघा. ज्या प्रसंगाने आपल्याला विचारलं होतं की तुम्ही भिंतीच्या आत उभे राहून काय करत होतात, तोच प्रसंग कापून आपण स्वतःच्या छातीवर बिल्ल्यासारखा लावला. दगड ज्याच्यासाठी होता त्यानेच फूल म्हणून झेलला. याला मी सिनेमा आवडणं म्हणणार नाही.

हे मी ग्रुपवर लिहिलं. इतकं नाही, आठ-दहा ओळी. उत्तर आलं, "आत्या, किती मनावर घेतेस गं! क्लिप छान आहे, एवढंच." आणि मग एकाने सुप्रभातचं गुलाब टाकलं. मनावर नाही घ्यायचं तर सिनेमा बघायचा कशाला, हे मी लिहिलं नाही. ते इथे लिहिते.

एका भाच्याने मात्र नंतर फोन करून नीट वाद घातला, त्याला उत्तर देणं भाग आहे. त्याचा मुद्दा असा, की तुम्ही जुनी माणसंसुद्धा प्रसंगच सांगत होतात ना एकमेकांना? कट्ट्यावर, स्वयंपाकघरात, ऑफिसात? मग क्लिप म्हणजे तेच की, फक्त यंत्राने.

तेच नाही बाळा. फार मोठा फरक आहे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी मुंबई दूरदर्शनवर 'चिमणराव-गुंड्याभाऊ' लागायचं. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे. आमच्या अख्ख्या वाड्यात एक टीव्ही, त्यांच्या ओटीवर तीस माणसं. शाळेत माझ्या दोन सहकारी बाईंच्या घरच्या आसपास टीव्ही नव्हता, म्हणून दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी सांगायची. आता सांगायचं म्हणजे काय करावं लागायचं? नुसतं "गुंड्याभाऊ असे काही भडकले की विचारू नका" म्हणून भागत नाही. ते का भडकले, त्याआधी चिमणरावांनी कोणता घोळ घातला होता, घरातलं कोण मध्ये बोललं, हे सगळं उभं करावं लागतं. ऐकणारी मध्येच विचारते, "पण मग ते आधीच का नाही बोलले?" की पुन्हा मागे जावं लागतं. सांगणारा माणूस प्रसंगाबरोबर त्याची मुळंही उपटून आणतो, मातीसकट. शिवाय सांगताना त्याचं स्वतःचं मत त्यात उतरतं आणि ऐकणाऱ्याला ते खोडता येतं. पुढे पाठवणाऱ्याला यातलं काहीच करावं लागत नाही. अंगठा तेवढा हलतो.

दुसरा मुद्दा वेळेचा. "आत्या, तीन तास कुणाला आहेत?" अरे, फोनमध्येच हिशेब निघतो ना रोज किती वेळ काय पाहिलं त्याचा? तो काढून बघ आणि मग मला सांग. तीन तास सगळ्यांना आहेत. सलग नाहीत, आणि सलग नाहीत कारण मध्ये उठायची सवय आपणच लावून घेतली आहे. मुलांना आपण म्हणतो पानावरून उठू नये. सिनेमावरून मात्र चार वेळा उठतो.

तिसरा मुद्दा त्याने काढला तो थोडा खरा आहे. क्लिप बघून काही मुलं जुन्या सिनेमाकडे वळतात. वळत असतील. एका मैत्रिणीच्या नातीने 'आनंद'चा शेवट असाच फोनवर पाहिला आणि मग हट्टाने पूर्ण सिनेमा लावायला लावला. नंतर ती म्हणाली, की टेपमधून आवाज येतो तेव्हा क्लिप बघताना नुसतं भारी वाटलं होतं, पण सिनेमात ते रेकॉर्डिंग करताना दोघं कशी मजा करत होते ते आधी पाहिल्यामुळे आता गिळवेना. बरोबर! तेच तर मी म्हणतेय. त्या पोरीला कळलं. पण ती एक. बाकीचे दहा क्लिप बघून पुढच्या क्लिपकडे गेले, आणि तिथे मांजर पियानो वाजवत होतं.

यात बनवणारेही धुतल्या तांदळासारखे नाहीत. आजच्या मालिका बघा. (मी बघते. शेजारच्या वहिनींबरोबर बघते, आणि शिव्या घालत बघते.) एपिसोड आता प्रोमोसाठी लिहितात असं वाटावं अशी परिस्थिती. थोबाडीत मारल्याचा आवाज, सासूचा चेहरा तीन बाजूंनी तीनदा, ढगांचा गडगडाट. आठवडाभर तो तुकडा दाखवायचा आणि त्या दिवशी कळतं की ते सुनेचं स्वप्न होतं! म्हणजे तुकडा खरा, गोष्ट खोटी. याउलट २००१ मध्ये सुरू झालेलं 'श्रीयुत गंगाधर टिपरे' आठवा. प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी' या पुस्तकावरून केदार शिंदेने केलेलं. त्या घरात व्हायचं काय? आबा, शेखर, श्यामल, शिऱ्या, शलाका. काहीतरी लहानसं बिनसायचं, काहीतरी लहानसं कळायचं. त्यातला कुठलाही अर्धा मिनिट कापून दाखवा, बघणारा म्हणेल यात आहे काय? आणि तरीही ते घर आपलं झालं, कारण दर आठवड्याला त्या घरी पूर्ण वेळ बसून येत होतो.

माझे आवडते प्रसंग विचाराल तर ते बहुतेक असेच आहेत, कापता न येणारे. 'शोले'तला गब्बर सगळ्यांना पाठ आहे. मला आठवते ती संध्याकाळी एकेक दिवा मालवणारी राधा आणि लांबून ऐकू येणारा जयचा माउथ ऑर्गन. त्यात कुणी एक शब्द बोलत नाही. आणि पुढे केव्हातरी होळीला दंगा करणारी, लग्नाआधीची राधा दिसते, तेव्हा तो आधीचा दिवा खरा विझतो. 'श्वास'मध्ये आजोबा नातवाला कुणालाही न सांगता हॉस्पिटलमधून बाहेर नेतात आणि शहर दाखवतात. तेवढाच तुकडा पाहिला तर आजोबा-नातवाची सहल. पण कॅन्सरमुळे उद्या त्याचे दोन्ही डोळे काढायचे आहेत हे ज्याला माहीत आहे, त्याला त्या सहलीतला साधा फुगासुद्धा बघवत नाही. अरुण नलावडेंनी त्या सगळ्यात चेहऱ्यावर जे धरून ठेवलं आहे ते पहिल्या तासाभरात साठलेलं आहे.

आणि 'कोर्ट'. चैतन्य ताम्हाणेचा, २०१५ मध्ये थिएटरात आलेला. त्यात शेवटाकडे न्यायालयाचं कामकाज संपतं, माणसं निघून जातात, एकेक दिवा बंद होतो, आणि अंधारी रिकामी खोली कितीतरी वेळ तशीच समोर राहते. थिएटरात माझ्या पुढच्या रांगेतली माणसं चपला शोधायला लागली होती, संपला समजून. संपला नव्हता. पुढे न्यायाधीशसाहेब सुट्टीवर सहकुटुंब सहलीला गेलेले दिसतात, बाकावर डुलकी काढताना. आत शाहीर नारायण कांबळेचं काय चाललं असेल ते आपल्याला ठाऊक असतं. त्या अंधाऱ्या खोलीची क्लिप मला अजून कुणी पाठवलेली नाही.

तर आता घरच्यांसाठी सूचना. दिवाळीत भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळे इथेच असणार आहात. दुपारी दोन वाजता दिवाणखान्यात 'फँड्री' लावणार आहे. पावणेदोन तासांचा आहे, मध्ये चहा मिळणार नाही, शेवटी मिळेल. फोन देवघरातल्या फडताळात ठेवायचे. ज्यांनी सलाम टाकले होते त्यांना पुढची जागा राखून ठेवली आहे. 'सैराट' त्याच दिवशी रात्री. तो जवळजवळ तीन तासांचा आहे, तेव्हा साडेसातलाच जेवायला बसू. आणि ते रुमाल उडवणारे काका येणार असतील तर मला आधी कळवा, त्यांना खाली बसवत नाही, खुर्ची काढून ठेवते.